ऑटोपायलटच्या हातून विमान घटकाभर मागून घेताना

सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्यांना ऑटोपायलट लावता येतो आणि तो बंदही करता येतो. दोन्हींसाठी एकेक कळ असते आणि ती पहिल्याच आठवड्यात पाठ होते. गोंधळ होतो तो या दोहोंच्या मध्ये. ऑटोपायलट चालूच ठेवायचा, काही क्षणांपुरते विमान आपल्या हातात घ्यायचे, हवे तिकडे वळवायचे किंवा हव्या त्या उंचीवर न्यायचे आणि पुन्हा यंत्राच्या स्वाधीन करायचे, ही कृती दिसायला किरकोळ आहे. परंतु विमान हातात कसे घ्यावे यापेक्षा ते परत देताना यंत्र काय समजून ते स्वीकारणार आहे, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि मला येथे मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत भट्ट्यांच्या तापमान-नियंत्रणाचे काम करतो आणि संध्याकाळी टिळकवाडीतल्या घरी संगणकावर विमान उडवतो. सांबऱ्याचा विमानतळ हे माझे नेहमीचे ठाणे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरची, २३०० मीटर लांबीची, पूर्व-पश्चिम पसरलेली ०८/२६ ही धावपट्टी, पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीची धार आणि तिच्यापलीकडे एकदम खाली उतरणारा गोवा, असा हा प्रदेश ऑटोपायलटची परीक्षा पाहायला उत्तम आहे. आमच्या गल्लीत राहणारा, अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा अधूनमधून माझ्याकडे येतो. त्याने एकदा विचारले, “काका, ऑटोपायलट चालू असताना एका विमानात मी स्टिक कितीही ओढली तरी काही होतच नाही, आणि दुसऱ्यात जरा धक्का लागला की ऑटोपायलट सुटूनच जातो. यातले खरे कुठले म्हणायचे?” मी म्हणालो, “दोन्ही खरी आहेत रे, पण दोन्ही तुझ्या कामाची नाहीत. तुला हवे आहे ते तिसरेच.”

खऱ्या विमानांत या बाबतीत एकवाक्यता नाही, म्हणून सिम्युलेटरमध्येही ती नाही. एअरबसच्या ए३२० कुळातल्या विमानांत ऑटोपायलट लागला की बाजूची स्टिक मध्यावर अडकवून ठेवली जाते. ठरावीक मर्यादेपलीकडे जोर लावला तर ती सुटते आणि त्याबरोबर ऑटोपायलटही सुटतो. तेथे ‘थोडा वेळ मी’ असा पर्यायच नाही. एक तर यंत्र, नाही तर वैमानिक. बोईंग ७३७ ची रीत निराळी आहे. तिच्या पॅनेलवर ऑटोपायलटची दोन रूपे आहेत. पहिल्यात यंत्र दिलेली उंची आणि दिशा स्वतः पाळते. दुसऱ्याला ‘कंट्रोल व्हील स्टिअरिंग’ म्हणतात. त्यात वैमानिक योक, म्हणजे समोरचा सुकाणूचा दांडा, हलवतो, यंत्र त्या हालचालीचा इशारा म्हणून अर्थ लावते आणि योक सोडला की विमान ज्या स्थितीत असेल ती स्थिती धरून ठेवते. पहिल्या रूपात असतानाही योकवर पुरेसा जोर दिला तर यंत्र त्या अक्षापुरते आपोआप दुसऱ्या रूपात जाते, आणि समोरच्या पडद्यावर तशी पिवळी अक्षरे उमटतात.

त्या अक्षरांकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि ते केवळ शिस्तीपोटी नाही. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचे लॉकहीड एल-१०११ जातीचे विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटच्या भरवशावर घिरट्या घालत होते आणि कॉकपिटमधील सर्वांचे लक्ष पुढच्या चाकाच्या एका बंद पडलेल्या दिव्याकडे होते. योकला कोणाचा तरी हलकासा धक्का लागला, उंची राखण्याचे काम यंत्राने सोडून दिले आणि विमान इतक्या मंदगतीने खाली येऊ लागले की ते कोणालाच जाणवले नाही. १०१ माणसे गेली. यंत्र बिघडलेले नव्हते. वैमानिकाने उंचीचा ताबा मागितला आहे, असा त्याने समज करून घेतला होता, एवढेच.

घरच्या टेबलावर शिकायला सर्वांत सोयीची पद्धत मला लहान विमानांतली वाटते. गार्मिनच्या जी१००० पडद्यांसोबत येणारा जीएफसी ७०० हा ऑटोपायलट सेसना १७२ मध्ये असतो आणि त्या विमानाच्या योकवर त्यासाठी एक वेगळे बटण असते. ते दाबून धरले की यंत्राच्या मोटरी सुकाणूपासून सुटतात, विमान पूर्णपणे आपल्या हातात येते, मात्र ऑटोपायलट बंद झालेला नसतो. बटण सोडताच मोटरी पुन्हा जोडल्या जातात. सांबऱ्याला उतरणाऱ्या एटीआर-७२ आणि एम्ब्रेअर-१४५ या प्रवासी विमानांतही याच कामासाठी ‘टच कंट्रोल स्टिअरिंग’ या नावाचे बटण वैमानिकाच्या बोटाशी असते, त्यामुळे ही काही केवळ हौशी विमानांची चैन नव्हे.

आता बटण सोडल्यावर काय होते ते पाहू. सांबऱ्याहून उड्डाण करून ५५०० फुटांवर उंची धरायला लावावी, हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, २७० वर (पश्चिमेकडे) ठेवावे, बटण दाबावे, विमान हाताने डावीकडे राजहंसगडाच्या दिशेने वळवावे, तीनशे फूट खाली आणावे आणि बटण सोडावे. विमान ५२०० फुटांवरच राहते, कारण उंची धरण्याच्या स्थितीत बटण सोडताक्षणीची उंची हीच यंत्र नवी आधारभूत उंची मानते. दिशेचे मात्र तसे नाही. हेडिंगची खूण अजून २७० वरच असते आणि यंत्र इमानेइतबारे विमान पुन्हा तिकडे वळवते; राजहंसगड मागे राहतो. म्हणजे एकाच बटणाच्या एकाच सोडण्याने उभ्या अक्षात यंत्र तुमचे ऐकते आणि आडव्या अक्षात स्वतःचेच खरे करते. हेडिंगचा आदेश नसून ऑटोपायलट केवळ मूळ रोल स्थितीत, म्हणजे फक्त पंखांचा कल सांभाळत, असेल तर तिसराच नियम लागू होतो: सोडताना कल सहा अंशांपेक्षा कमी असेल तर पंख सपाट केले जातात, सहा ते बावीस अंशांत असेल तर तोच कल धरला जातो आणि त्याहून अधिक असेल तर तो बावीस अंशांवर आणला जातो.

हा फरक माहीत नसणारा माणूस ‘ऑटोपायलट वेड्यासारखा वागतो’ अशी तक्रार करतो. ती तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि जवळपास प्रत्येक वेळी यंत्र आपल्या नियमाप्रमाणेच वागत होते. वरच्या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. उंचीच्या खिडकीत निवडलेला आकडा ५५०० हाच राहतो, विमान मात्र ५२०० वर स्वस्थ उडत असते. फरक दोनशे फुटांपलीकडे गेला की तो आकडा पिवळा होऊन लुकलुकतो. परंतु ज्याची नजर बाहेर डोंगरावर आहे त्याला तो दिसेलच असे नाही. म्हणून बटण सोडल्याबरोबर सर्वप्रथम पडद्याच्या वरच्या पट्टीवर कोणती स्थिती लिहिली आहे ते वाचावे, मग खिडकीतला आकडा पाहावा, आणि त्यानंतरच बाहेर पाहावे.

भट्टीच्या नियंत्रकावर ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’ अशा दोन स्थिती असतात, आणि एकीतून दुसरीत जाताना उष्णतेला हिसका बसू नये म्हणून जी व्यवस्था करतात तिला आमच्या धंद्यात बंपलेस ट्रान्सफर म्हणतात. माणसाने व्हॉल्व्ह हातात घेतला असतानाही नियंत्रक मागे बसून हिशोब करत राहिला, तर मूळ लक्ष्य आणि प्रत्यक्ष तापमान यांतली तफावत तो साठवत जातो आणि ताबा परत मिळताच ती सगळी एकदम ओतून टाकतो. हे टाळायचे तर हाताने काम चालू असताना लक्ष्यच प्रत्यक्षाच्या मागे चालत ठेवावे लागते आणि साठवणूक थांबवावी लागते. सेसनाच्या बटणात उंचीच्या बाबतीत हेच केलेले आहे. ज्या सिम्युलेटरमध्ये, किंवा ज्या विमानाच्या फाइलींत, ही व्यवस्था नीट लिहिलेली नसते तेथे बटण सोडताच नाक वर उसळते किंवा खाली आपटते, आणि दोष मात्र जॉयस्टिकला दिला जातो.

घरच्या जॉयस्टिकचाही एक स्वभाव आहे, तो येथे सांगितला पाहिजे. खऱ्या ७३७ मध्ये ऑटोपायलट विमान वळवतो तेव्हा वैमानिकासमोरचा योकही वळतो. हात ठेवला तर यंत्र काय करते आहे ते तळव्याला समजते. आपली जॉयस्टिक स्प्रिंगने मध्यावर उभी असते आणि विमानात काय चालले आहे याचा तिला पत्ता नसतो. तिला जोर मोजता येत नाही, फक्त ती किती हलली एवढेच ती सांगू शकते. म्हणून ‘जोर लावला की सुटतो’ ही एअरबसची रीत सिम्युलेटरमध्ये ‘इतकी हलवली की सुटतो’ अशी उतरवावी लागते, आणि जुनी, झिजलेली स्टिक स्वतःच थरथरत असेल तर कोणी हात न लावताही ऑटोपायलट सुटू शकतो. मध्यावर थोडा मृतपट्टा, म्हणजे हालचाल मोजलीच जात नाही असा भाग, ठेवला की ही अडचण बहुतांशी दूर होते. त्या मुलाच्या दुसऱ्या विमानाचे दुखणे हेच निघाले.

फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर या सगळ्याच्या पोटात डोकावून पाहायला फार चांगला आहे, कारण त्यात विमानाची प्रत्येक राशी एका झाडासारख्या यादीत उघडी ठेवलेली असते आणि उड्डाण चालू असताना ती पाहता येते. तेथे ऑटोपायलट प्रत्येक क्षणी एलेरॉनच्या, म्हणजे विमान एका अंगावर कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेच्या, जागी आपला आकडा लिहीत असतो; जॉयस्टिक मात्र ती हलते तेव्हाच लिहिते. तुम्ही स्टिक ओढता, आकडा बदलतो, आणि पुढच्याच फेरीत ऑटोपायलट त्यावर आपला आकडा चढवतो. स्टिक ओढूनही काही होत नाही, असे वाटते ते यामुळे. उलट बाजूने, ऑटोपायलट काढून घेतला की एलेरॉन त्याने शेवटी ठेवला होता तेथेच राहतो आणि स्टिक जराशी हलेपर्यंत विमान हळूहळू एका अंगावर कलत जाते. म्हणून ताबा घेताना स्टिकला मुद्दाम एक छोटासा झोका द्यावा, म्हणजे तिची खरी जागा सिम्युलेटरला कळते.

फ्लाइटगिअरमध्ये सेसनासारखे बटण स्वतः तयार करता येते, कारण त्याच्या जॉयस्टिकच्या फाइलीत बटण दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरी कृती लिहिण्याची सोय आहे. सोडण्याच्या कृतीला तेथे ‘मॉड-अप’ म्हणतात. दाबल्यावर सध्याची उंचीची आणि दिशेची स्थिती बाजूला जपून ठेवायची आणि त्यांच्या जागा रिकाम्या करायच्या. सोडल्यावर आधी अल्टिमीटरवरची उंची लक्ष्य म्हणून लिहायची आणि मगच जपलेल्या स्थिती परत ठेवायच्या. हा क्रम उलटा केला तर ऑटोपायलट एक क्षण जुन्या उंचीकडे झेप घेतो आणि मग सावरतो. तो हिसका आलेखावर स्पष्ट दिसतो. दिशेचे काय करायचे हे ज्याने त्याने ठरवावे. मला स्वतःला हेडिंगची खूण नव्या दिशेवर आणणे अधिक पसंत आहे, कारण डोंगर टाळण्यासाठी वळलेले विमान आपोआप पुन्हा डोंगराकडे जाऊ नये, असे मला वाटते; पण खऱ्या सेसनाशी ते जुळत नाही, हेही खरे. एक्स-प्लेनमध्ये ‘कंट्रोल व्हील स्टिअर’ नावाची तयार कमांड आहे, त्यामुळे तेथे ती बटणाला जोडली की निम्मे काम होते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये झेड ही कळ मूळ मांडणीत ऑटोपायलट पूर्ण चालू-बंद करते. ती तात्पुरत्या ताब्यासाठी वापरणे म्हणजे दर वेळी सगळ्या स्थिती पुन्हा तपासणे आले.

ट्रिमविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठा धोका तेथे आहे. नाकाची पातळी राखण्यासाठी ऑटोपायलट ट्रिम, म्हणजे हात न लावताही नाक ठरावीक पातळीवर ठेवणारी योजना, फिरवत असतो. आपण बटण न दाबता, ऑटोपायलट चालूच असताना, स्टिक नुसती पुढे रेटत राहिलो तर काही विमानांत तो आपल्या रेट्याला अडथळा समजतो आणि ट्रिम उलट दिशेने फिरवत जातो. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे चायना एअरलाइन्सच्या एअरबस ए३००-६०० आर विमानाचे असेच झाले. उतरताना चुकून पुन्हा वर जाण्याची कळ लागली, ऑटोपायलट नाक वर नेऊ लागला, वैमानिक योक पुढे रेटत राहिले, आणि यंत्राने मागचा आडवा पंख ५.३ अंशांवरून १२.३ अंशांपर्यंत नाक वर नेण्याच्या बाजूला फिरवला. शेवटी विमान जवळपास उभे होऊन वेग हरवून कोसळले. २७१ पैकी सात जण वाचले. सिम्युलेटरमध्ये हा प्रयोग सुरक्षितपणे करून पाहता येतो आणि प्रत्येकाने तो एकदा करावा: ऑटोपायलट चालू ठेवून स्टिक सलग पुढे दाबावी, ट्रिमच्या चाकाकडे पाहावे, मग ऑटोपायलट एकदम सोडावा आणि नाक काय करते ते पाहावे.

त्याच वर्षी, २३ मार्चला, सायबेरियात एरोफ्लोटच्या ए३१० वर याच्या उलट प्रकार घडला होता. वैमानिकाच्या खुर्चीत बसवलेल्या मुलाने योकवर काही वेळ दाब ठेवल्याने ऑटोपायलटचा केवळ एलेरॉनचा भाग सुटला, बाकीचा चालूच राहिला, आणि त्याची सूचना एका लहान दिव्याने दिली गेली, आवाजाने नव्हे. ७५ जण मृत्युमुखी पडले. अर्धा ताबा आपल्याकडे आणि अर्धा यंत्राकडे, ही स्थिती मुद्दाम मागितलेली असेल तर उपयोगाची असते. नकळत आलेली असेल तर तिच्याइतकी फसवी स्थिती दुसरी नाही.

मुद्दाम मागण्याचे प्रसंग आमच्या भागात बरेच येतात. गोव्याकडून चोर्ल्याच्या बाजूने घाट ओलांडून बेळगावला येताना, पावसाळ्यातला जोरदार पश्चिमी वारा डोंगरमाथ्याच्या पलीकडे, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, विमानाला खाली दाबतो, आणि ज्या सिम्युलेटरमध्ये डोंगरावरच्या वाऱ्याचे चढउतार दाखवले जातात तेथे ते चांगले जाणवते. सेसनाच्या ऑटोपायलटला थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या शक्तीवर, अधिकार नाही. उंची टिकवायची म्हणून तो नाक वर करत जातो, वेग घटत जातो, आणि आपण पाहत राहिलो तर विमान वेग हरवण्याच्या काठावर येते. अशा वेळी आधी पूर्ण शक्ती द्यावी, बटण दाबून धरावे, नाक थोडे उतरवावे, वेग परत मिळवावा आणि खालच्या हवेतून बाहेर पडल्यावर बटण सोडावे. मात्र सोडताना विमान तीन-चारशे फूट खाली आलेले असेल तर यंत्र आता ती खालची उंचीच खरी मानणार आहे, आणि समोर जांबोटीकडचे उंचवटे आहेत, याचे भान हवे. लगेच चढण्याची स्थिती लावून मूळ उंचीवर परत जावे.

सांबऱ्याला उतरताना मात्र मी हे बटण वापरत नाही. पावसाळी वारा बहुधा २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर जवळजवळ समोरून येतो, तिरका वारा फारसा नसतो, आणि शेवटच्या दोन-तीन मैलांत ताबा अर्धवट ठेवण्यात काही अर्थ नाही. तेथे ऑटोपायलट पूर्ण सोडून हाताने उतरणे हेच सरळ आहे. त्यासाठीचे बटण वेगळे असावे. माझ्या स्टिकवर तात्पुरत्या ताब्याचे बटण तर्जनीखाली आहे आणि पूर्ण सुटकेचे अंगठ्याखाली, बोटाला चाचपून ओळखता यावे म्हणून त्यावर सायकलच्या पंक्चरच्या रबराचा एक तुकडा चिकटवलेला. त्या मुलाने दोन्ही कामे एकाच बटणाला देऊन, एकदा दाबले तर हे आणि दोनदा दाबले तर ते, अशी मांडणी केली होती. ती मी त्याला काढून टाकायला लावली, कारण घाईच्या वेळी दोनदा दाबलेले बटण सिम्युलेटरने एकदाच मोजले तर ऑटोपायलट सुटलाच नसतो आणि आपण मात्र सुटला असे धरून स्टिक ओढत असतो.